मोरव्याच्या वाऱ्याचा सिद्धांत

११ नोव्हेंबर, मंगळवार

सगळं बदललं ते आज सकाळी, सुगंधाकाकीच्या ओट्यावर, संचिताने माझ्या गळ्यात पट्टा घातला त्या क्षणी. नीट लिहून ठेवतो, पुढे कुणी विचारलं तर.

पट्ट्याला काडेपेटीपेक्षा जरा मोठं यंत्र लटकलेलं असतं. बाई ज्या हवेत वावरते ती हवा ते ओढून घेतं आणि त्यात धूर किती ते मोजतं. चूल पेटवताना, भाकऱ्या थापताना, पाणी तापवताना दिवसभर ते तिच्या गळ्यात राहायला हवं. मोरव्यातल्या बारा घरांत हे करायचंय. जोडीला जळणाची लाकडं रोज सकाळी ताणकाट्यावर तोलायची, गॅसचं सिलिंडर तोलायचं, फ्रिज-टीव्हीच्या प्लगमध्ये छोटे मीटर खोचायचे. तीन आठवड्यांच्या मोजणीवरून, एक घर वर्षभरात काय काय जाळतं आणि हवेत किती सोडतं, त्याचा हिशेब. हाटकेशला एका संस्थेचं ऑफिस आहे, तिथे संचिता संशोधक आहे. मी 'स्थानिक सहायक', कालपासून.

ओट्यावर बायका जमल्या होत्या. कुणी यंत्र गळ्यात घालायला तयार होईना. तेव्हा संचिता म्हणाली, थांबा, आधी धनेशला घालून दाखवते. आणि घातलाच. सुगंधाकाकी लगेच बोलली, "झाला, हार पडला. आता अक्षता कोन टाकनार?"

सगळ्या हसल्या. संचितासुद्धा हसली. मुद्दाम लिहितोय. ती म्हणू शकली असती, काहीतरीच काय काकू. नाही म्हणाली.

मग मला जोर चढला आणि मी बायकांना चांगलं पाच मिनिटं भाषण दिलं. यंत्र परदेशी आहे, एकेकाची किंमत तुमच्या फ्रिजपेक्षा जास्त, जिवापाड जपा, याला काही झालं तर माझी नोकरी गेली समजा. सगळ्या एकदम गप्प. माझ्या शब्दाला गावात वजन आहे हे संचिताला दिसलं, बरं झालं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आमचंही घर बारांत आहे. आज आईच्या लाकडांचा भारा तोलला. अर्ध्याहून जास्त प्लायवूडचे तुकडे. बाबा हाटकेशच्या ज्या गाळ्यात टेम्पो चालवतात तिथे फर्निचर बनतं, कापून उरलेलं ते गोणीत भरून आणतात. फुकटचं जळण. संचिताने तुकडा हातात घेऊन हुंगला आणि विचारलं, यात गोंद असतो, जाळताना वास येत नाही का?

आई म्हणाली, "येतो. सवय झाली." आणि खोकली.

गॅस आहे आमच्याकडे. पण भाकऱ्यांचा खापरीचा तवा गॅसवर तडकतो, आणि बाबांना गॅसवरचं कालवण चालत नाही. गॅस चहाला आणि पाहुण्यांना.

संचिताने आईला खोकल्याचं विचारलं. किती दिवस, रात्री येतो का, जिना चढताना दम लागतो का. आई म्हणाली थंडीचा आहे. मलाही तसंच वाटतं. दर वर्षी असतो. मार्चमध्येही असतो, पण तेव्हा धूळ असते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज संचिताचे तीन फोन. पहिल्यांदा, बाबर कुटुंबाचं सिलिंडर तोललं का. दुसऱ्यांदा, वजनातून रिकाम्या टाकीचं वजन वजा केलं का. तिसऱ्यांदा, पहिल्या दोन उत्तरांत फरक का आहे. माणूस कामापुरता एक फोन करतो. तीन कोण करतं?

दुपारी ऑफिसात तिने डबा पुढे सरकवला. म्हणाली, माझा धाकटा भाऊ अगदी तुझ्यासारखा, काही विचारलं की आधी चिडतो, मग उत्तर देतो. म्हणजे मला घरातलाच धरलंय तिने. भेंडीची भाजी होती. मी भेंडी खात नाही. सगळी खाल्ली.

कॉलेज का सोडलंस, तेही विचारलं. सांगितलं, प्रॅक्टिकलच्या सरांनी चारचौघांत माझं जर्नल कॉपी केलेलं आहे म्हटलं, मी ते टेबलावर आपटून निघून आलो. ती म्हणाली, कॉपी केलं नव्हतंस? मी म्हटलं, केलं होतं, पण प्रश्न तो नाही. ती बराच वेळ हसली. ती हसली की तिच्या नाकाचा शेंडा हलतो.

रात्री घराघरांतून यंत्रं गोळा करून पिशवीत भरली. पट्ट्यांना चंदनाचा मंद वास येतो. बारीकसा, गोड. सकाळी संचिता स्वतःच्या हाताने एकेक पट्टा पुसून देते, तिच्याच हाताचा वास. एक पट्टा जरा वेळ उशाशी ठेवला. उद्या परत करायचा आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज माझा दिवस होता.

सकाळी गेलो तर संचिता कॉम्प्युटरसमोर डोकं धरून बसलेली. मोरव्यात लाकडं जळतात भरपूर, माझा ताणकाटा सांगतो. पण यंत्रांत धूर नाही. नऊ घरांत हवा अशी की जणू हिरानंदानीच्या टॉवरांत राहतात. तीन घरांत मात्र आकडा छताला. ती म्हणाली, लाकूड जळलं तर धूर कुठेतरी जायला हवा ना, धनेश, जातो कुठे?

ती माझ्याकडे बघत होती. मला उत्तर माहीत नव्हतं, पण ती बघत होती. मी म्हटलं, "खाडीचा वारा. आमच्या गावात धूर थांबतच नाही. जुनी घरं वाऱ्याच्या तोंडावर बांधलीत, आमच्या पणजोबांना कळत होतं सगळं. ती तीन घरं नव्या चाळीतली, भिंतीला भिंत. तिथे वारा शिरत नाही."

बोलता बोलता मलाच पटत गेलं. संचिता उठली, मला गावाचा नकाशा काढायला लावला, घरांची तोंडं कुठल्या दिशेला ते विचारलं. मी बाण काढत गेलो. तिचे डोळे असे चमकले की मी आणखी दोन बाण काढले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

संस्थेच्या मोठ्या सरांना वाऱ्याचा मुद्दा फार आवडला. १० डिसेंबरला पुण्यात परिषद आहे, तिथे संचिता हाच मांडणार. तिथे जमलं तर इथल्या ऑफिसची प्रमुख तीच, आणि मी कायम. शिवाय अहवालात माझं नाव येणार, पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट.

घरी सांगितलं. बाबा जेवत राहिले. पण जेवून कोपऱ्यावरच्या टपरीवर गेले आणि पानवाल्या भैयाला सांगून आले, "अपना लडका किताब में छपनेवाला है." भैयानेच मला नंतर सांगितलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

एक छोटी भानगड. संचिताने सगळ्या घरांच्या आकड्यांच्या रेषा एकाखाली एक लावल्या. त्या नऊ घरांत सकाळी सातच्या आसपास आणि संध्याकाळी सातला एक बारीक उंचवटा येतो. रोज. आणि काल गुरुवारी तो उंचवटा नेहमीच्या तिप्पट. तिने विचारलं, सातला काय करतात रे गावात?

मी म्हटलं चहा. ती म्हणाली, काल तिप्पट चहा? मी म्हटलं, थंडी पडलीय.

ती पेन दातांत धरून बसून राहिली. मला जरा रागच आला. पुण्याला जायचंय, चांगलं चाललंय, आणि ही उंचवटे मोजत बसलीय. पण मग वाटलं, मला जास्त वेळ थांबवायचा बहाणाही असेल.

१ डिसेंबर, सोमवार

मोजणी संपायला दोन दिवस आहेत, पण यादी लागली. ज्यांचा आकडा मर्यादेच्या वर, त्या घरांना संस्थेकडून धुराडं असलेली चूल आणि विजेची शेगडी मिळणार, आणि घरातल्या बाईच्या फुप्फुसांची तपासणी होणार. मोरव्यातून फक्त नव्या चाळीतली ती तीन घरं. बाकीच्यांच्या कागदावर 'हवा समाधानकारक'.

ते मी ओट्यावर वाचून दाखवलं. इंदुबाई लीलाधर म्हात्रे, म्हणजे आमची आई, समाधानकारक. आईने दोन्ही हात जोडले, कागदाला की मला, कळलं नाही. म्हणाली, बरा झाला, मना कशाला उगाच दवाखाना. आणि पदर तोंडाला लावून आत गेली. आत खोकत होती, ते ओट्यावर ऐकू येत होतं. सुगंधाकाकीने माझ्याकडे बघितलं. मी पुढचं नाव वाचलं.

३ डिसेंबर, बुधवार

आज मोजणीचा शेवटचा दिवस. आईच्या गळ्यात यंत्र घालून मी सकाळी गेलो होतो. संध्याकाळी ताणकाटा विसरला म्हणून मध्येच घरी आलो. मागच्या पडवीतून फुंकणीचा आवाज, धूर कौलांतून झिरपतोय. पुढच्या खोलीत देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी, धुतलेल्या हातरुमालावर, यंत्र ठेवलेलं. पट्टा नीट गुंडाळलेला. समोर उदबत्ती. चंदनाची.

मी तिथेच उभा राहिलो. सात वाजले होते.

मागे गेलो. डोळ्यांत पाणी आलं लगेच, धुराने. विचारलं, यंत्र गळ्यात का नाही. आवाज चढला होता माझा, मान्य आहे. आई चुलीसमोरून उठलीसुद्धा नाही. भाकरी उलटत म्हणाली, "चुलीशी मशीन कशी घालू? काली झाली त? तूच बोल्लास ना, काय झाला त तुजी नोकरी जाल. रोज चूल पेटवायच्या आदी देवाजवल ठेवतंय. जेवना झाली का परत गल्यान घालतंय. एक दिवस चुकला न्हाय."

तिला वाटलं मी शाबासकी देईन.

मी ताणकाटा घेतला आणि निघून आलो. खाडीवरच्या धक्क्यावर बसून राहिलो. त्या गुरुवारी तिप्पट चहा! मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता तो. घरोघर घट मांडला होता, उदबत्त्यांचा अख्खा पुडा लावला होता बायकांनी. आम्ही देवांची हवा मोजली, तीन आठवडे. देवांची हवा समाधानकारक आहे.

४ डिसेंबर, गुरुवार

घरोघर फिरलो. सरळ नाही विचारलं, गप्पा मारत विचारलं. सुगंधाकाकीचं यंत्रही देव्हाऱ्यात. तिच्या जावेने कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलं होतं, खालीच समई. बाकीच्यांचंही तसंच. प्रत्येकीने अगदी अभिमानाने सांगितलं, एक डाग पडू दिला नाही बघ तुझ्या वस्तूवर.

नव्या चाळीतल्या तिघी त्या दिवशी ओट्यावर नव्हत्याच. त्यांनी माझं भाषण ऐकलं नाही. म्हणून त्यांनी यंत्र गळ्यात घातलं, ठेवलं, आणि त्यांचा आकडा खरा आला. वारा-बिरा काही नाही. नकाशावरचे सगळे बाण मी काढले होते.

सुगंधाकाकी शेवटी म्हणाली, "एवरा कशाला इचारतंस? काय झाला काय? पोरगी रागावली का?" मी म्हटलं काही नाही. ती म्हणाली, "तुज्या तोंडावर लिवलाय, पोरा."

५ डिसेंबर, शुक्रवार

सांगायचं की नाही.

सांगितलं तर पुणे गेलं. तिचं प्रमुखपद गेलं. माझं नाव गेलं, आणि टपरीवरच्या भैयाला बाबा काय सांगणार? आणि ती माझ्याकडे जशी बघते तशी परत बघणार नाही.

नाही सांगितलं तर काय होईल? काही नाही. यंत्रं उद्या पॅक होतील, सोमवारी दुसऱ्या जिल्ह्यात जातील. आई कुठे तक्रार करतेय. ती तर खूश आहे, आकडा चांगला आला म्हणून.

दुपारी संचिताचा फोन. पुण्याला घालायला निळा ड्रेस की पिवळा, असं नाही विचारलं. विचारलं, इंदुबाईंचा खोकला कसा आहे? यादीत त्यांचं नाव नाही, पण मला राहून राहून वाटतं. आकडा म्हणतो ठीक, म्हणून मी सरांना काही बोलू शकत नाही रे.

मी म्हटलं, बरा आहे.

फोन ठेवला तेव्हा आई अंगणात लाकडं फोडत होती. दोन घाव घालायची, मग कुऱ्हाड टेकवून उभी राहायची. मी गेलो आणि कुऱ्हाड घेतली. ती म्हणाली आज काय झालंय तुला. मी सगळं प्लायवूड फोडून टाकलं, गरज नसतानाही.

६ डिसेंबर, शनिवार

सांगितलं.

रिक्षाने हाटकेशला जाताना सगळं मनात जुळवलं होतं. आधी तिची बाजू, मग बायकांची, मग माझी. ऑफिसात ती एकटीच खोक्यात यंत्रं रचत होती. मी आत शिरलो आणि जुळवलेलं सगळं विसरलो. एका दमात म्हणालो, "वाऱ्याचं खोटं आहे. यंत्रं देव्हाऱ्यात होती, माझ्यामुळे, आणि माझं तुझ्यावर प्रेम आहे."

ती म्हणाली, "देव्हाऱ्यात?"

एवढंच. शेवटच्या वाक्याला तिने हातसुद्धा लावला नाही. मला वाटलं ऐकू आलं नसेल. आलं असणार. खोली लहान आहे.

मग तिने एकेक विचारलं. कुठल्या घरात, कुठे ठेवलं, किती वेळ, कोण काय म्हणालं. मी सांगत गेलो. तिने कॉम्प्युटर उघडला, सातच्या उंचवट्यांवर बोट फिरवत राहिली. मी वाट बघत होतो की ती ओरडेल. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, दार आपटून गेलो असतो, मला ते येतं. ती ओरडली नाही. खाली फरशीवर बसली, खोक्याला टेकून.

म्हणाली, "मला शंका होती, धनेश. पण वारा इतका छान बसत होता. आणि मी एकदाही संध्याकाळी कुणाच्या चुलीशी येऊन बसले नाही. सकाळी यायचे, ओट्यावरून जायचे. चूक तुझी एकट्याची नाही."

मला वाटलं होतं ती चूक माझी म्हणेल. मग बरं वाटलं असतं.

माझ्यासमोरच तिने सरांना फोन लावला. पुण्याला मी हे मांडणार नाही, म्हणाली. पलीकडून बराच वेळ आवाज येत होता. ती फक्त हो सर, नाही सर म्हणत होती, आणि नाकाचा शेंडा लाल झाला होता. फोन ठेवून म्हणाली, परत मोजायला परवानगी नाही, सोमवारी खोकी निघतील. पण उद्या रविवार आहे. तिने एक यंत्र वर काढलं. एका घराची तरी एक संध्याकाळ खरी मोज, म्हणाली. फरक एवढा मोठा दिसला तर सर बाकीच्या घरांना नाही म्हणू शकणार नाहीत, निदान तपासणीला. रोज होतं तसंच व्हायला हवं, काही कमी नाही, काही जास्त नाही.

कुठलं घर, तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

निघताना म्हणाली, माझी बदली होईल बहुतेक. मग जरा थांबून म्हणाली, बी.एस्सी. पूर्ण कर. भावाला म्हणावं तसं म्हणाली. ते आज कळलं.

७ डिसेंबर, रविवार

संध्याकाळी आईला बसवून सांगितलं. यंत्र काळं झालं तरी चालेल. वितळलं तरी चालेल. ते काळं व्हायलाच आलंय. आईने दोनदा विचारलं, नोकरीचा काय? मी म्हटलं, गेली तर दुसरी. तिने मान खाली केली आणि मी पट्टा तिच्या गळ्यात घातला. सुगंधाकाकी आज कुंपणापलीकडून बघत होती, पण थट्टा केली नाही.

मी तिच्याबरोबर पडवीत गेलो. भाऱ्यातले प्लायवूडचे तुकडे बाजूला काढून ठेवले होते मी, फक्त बाभळीची लाकडं ठेवली होती. आईने वाकून ते तुकडे परत उचलले आणि चुलीत सारले.

मी म्हटलं, "एक दिवस नको ना ते."

"रोजचा तसाच कराचा, तूच बोल्लास."

चूल पेटली. धूर उठला आणि तिने हात लांब करून मागचं दार उघडलं. वारा आला, धूर पांगला. खाडीचा वारा, खरोखर. यंत्रावरचा दिवा धूर वाढला की लाल होतो; तो हिरवा होता, हिरवाच राहिला. मी विचारलं, दार रोज उघडं असतं?

ती म्हणाली, नाही. उघडं ठेवलं की राख उडते, मांजर म्हावऱ्यावर येते, जाळ एका जागी राहत नाही. तू असलास की उघडतंय.

मी असलो की उघडते. एवढी वर्षं मी या पडवीत येतो, माझ्या डोळ्यांना कधी फारसं काही झालं नाही, आणि मला वाटायचं आमच्याकडे धूर होतच नाही. वाऱ्याचा सिद्धांत मी खोटा रचला नव्हता. मला तेवढंच माहीत होतं.

मी दार तसंच धरून उभा राहिलो. म्हटलं, "अर्धं लावू?"

"अर्धा आकडा घेऊन त्या पोरीला काय दाखवशील?" तिने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. खोकली. पदर तोंडाला नेला आणि यंत्र झाकलं जातंय हे लक्षात येऊन पदर बाजूला केला. "तू हतं बसलास त मी फुकायची पन न्हाय नीट. जा तू. आनि लावून घे दार, उगाच वारा येतंय."

किती भाकऱ्या करणार, विचारलं. म्हणाली, रोजच्या.

हिरव्या दिव्याकडे एकदा बघितलं. तिच्या मानेवर घाम होता, त्याला पीठ लागलं होतं. मी बाहेर आलो, आणि दार लावून घेतलं.